लोकल किती सेकंद थांबते? पुणे–लोणावळा मार्गावरच्या थांब्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फलाटावर स्टॉपवॉच आणि वही घेऊन उभं राहिलं की लोक ठरलेल्या दोन गोष्टी विचारतात. एक, "रेल्वेचे का तुम्ही?" आणि दोन, "मोजून काय होणार?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे: नाही, आम्ही चौघं रोजचे पासवाले आहोत. दुसऱ्याचं उत्तर देता देता गाडी येते आणि बोलणं अर्धवट राहतं. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं.

थांब्याचा वेळ नक्की कुठून कुठपर्यंत धरायचा?

चाक थांबल्यापासून चाक हलेपर्यंत. बोलताना आपण "गाडी स्टेशनात दोन मिनिटं होती" म्हणतो. त्यात गाडी फलाटात शिरते, रेंगाळते, थांबते, सुटते आणि शेवटचा डबा फलाट सोडतो, हे सगळं धरलेलं असतं. बारा डब्यांचा रेक अडीचशे मीटरच्या आसपास लांब असतो. तो आत यायला आणि बाहेर पडायला बराच वेळ घेतो, आणि तो वेळ ब्रेकचा, वेगाचा, मोटरमनच्या हाताचा असतो. थांब्याचा वेळ मात्र फलाटाचा आणि माणसांचा. दोन्हींची सरमिसळ केली की कुणाकडे काय मागायचं तेच कळत नाही.

चाक हलल्यावरही दोघंतिघं धावत चढतातच. ते सेकंद आम्ही थांब्यात धरत नाही. पण ते किती जण होते हे टिपून ठेवतो, कारण थांबा अपुरा पडला की नाही हे त्यांच्यावरूनच कळतं.

वेळापत्रकात तर लोकलसमोर एकच वेळ असते. मग थांबा किती ठरलाय ते कसं कळणार?

प्रवाशांच्या वेळापत्रकावरून कळत नाही. तिथे मिनिटाच्या खालचं काही छापत नाहीत. गाडी ८:१२ ला येते आणि ८:१२ लाच सुटते असं दिसतं, म्हणजे थांबा एका मिनिटाच्या आत आहे इतकंच समजायचं. रेल्वेचं आतल्या कामाचं वेळापत्रक वेगळं असतं आणि ते जास्त बारकाईचं असतं. गार्डच्या जर्नलमध्येही वेळा लिहिल्या जातात. पण फलाटावर तेहतीस सेकंद लागले की त्रेपन्न, हे ओळखायला तिथे कुणीतरी घड्याळ घेऊन उभंच राहावं लागतं.

मुंबईसारख्या तीन-तीन मिनिटांनी गाड्या आपल्याकडे थोड्याच आहेत? पुण्यात सेकंद मोजून काय मिळणार?

हा सगळ्यात रास्त प्रश्न आहे आणि सुरुवातीला आम्हालाही तो पडला होता.

जिथे गाडीमागे गाडी असते तिथे उत्तर उघड आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या व्हिक्टोरिया मार्गावर गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या धावतात, म्हणजे दर १०० सेकंदांनी एक. तिथे एका स्टेशनात दहा सेकंद जादा गेले की मागची गाडी बोगद्यात अडकलीच. मुंबईत गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांचं अंतर असतं, तिथेही तेच. पुण्याच्या लोकलची मागची लोकल इतकी मागे असते की ती पाठीवर येण्याचा प्रश्नच नाही.

आपली अडचण वेगळी आहे. पुणे ते लोणावळा दोनच मार्गिका आहेत, एक जायची आणि एक यायची. १९७८ मध्ये लोकल सुरू झाली तेव्हापासून ती याच रुळांवर डेक्कन क्वीनसारख्या गाड्या, दक्षिणेकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या यांच्या मधून वाट काढत आली आहे. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची चर्चा आपण सगळे ऐकतोच. लोकल प्रत्येक स्टेशनाला थांबते, एक्स्प्रेस सुसाट जाते, आणि ओव्हरटेक करायला रस्त्यासारखी मोकळी बाजू नसते. ज्या स्टेशनाला बाजूची लाइन, म्हणजे लूप लाइन, आहे तिथेच लोकलला आत घेता येतं.

आता हिशेब करा. पुणे आणि लोणावळा धरून १७ स्टेशनं, म्हणजे मधले थांबे १५. प्रत्येक थांब्यात दहा सेकंद जादा गेले तर एकूण १५० सेकंद, अडीच मिनिटं. सव्वा तासाच्या प्रवासात अडीच मिनिटं कुणाला जाणवतसुद्धा नाहीत. पण कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसापुढचं कोडं असं असतं: मागून एक्स्प्रेस येतेय, पुढच्या लूप लाइनपर्यंत लोकल तिच्या आधी पोचेल का? पोचेल अशी खात्री असेल तर तो लोकलला सोडतो. खात्री नसेल तर अलीकडेच बाजूला घेतो. एकदा बाजूला घेतली की एक्स्प्रेस यायची, जायची, पुढचा मार्ग मोकळा व्हायचा आणि मग आपला सिग्नल. समजा त्यात आठ मिनिटं गेली. फलाटाफलाटावर सांडलेल्या अडीच मिनिटांची ही अशी आठ होतात, आणि डब्यातले आपण म्हणतो, "एक्स्प्रेससाठी थांबवली." खरंच असतं ते, पण अर्धंच.

म्हणूनच आमचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. थांबा दोनचार सेकंदांनी कमी झाला नाही तरी चालेल, तो रोज सारखा व्हायला हवा. रोज चाळीस सेकंद थांबणाऱ्या लोकलचा हिशेब कुणीही मांडू शकतो. आज पंचवीस, उद्या पंचाहत्तर अशा लोकलसाठी कंट्रोलर मधे जागा राखून ठेवतो, आणि ती राखीव जागा म्हणजे आपण बाजूच्या लाइनवर खिडकीतून बघत काढलेला वेळ.

हा वेळ जातो कुठे?

पुस्तकी उत्तर असं की थांब्याचे तीन तुकडे असतात. गाडी थांबल्यापासून दारातून पहिला माणूस बाहेर येईपर्यंतचा पहिला, उतरण्या-चढण्याचा दुसरा आणि शेवटचा माणूस चढल्यापासून चाक हलेपर्यंतचा तिसरा. आपल्या साध्या लोकलची दारं कायम उघडीच असल्याने पहिला तुकडा जवळजवळ नसतोच. उलट लोक गाडी थांबायच्या आधीच उड्या टाकतात. (टाकू नका.)

खरी गंमत दुसऱ्या तुकड्यात आहे. एक प्रसंग सांगतो. स्टेशन कोणतं ते राहू दे, या मार्गावरच्या कुठल्याही स्टेशनावर हे घडतं. जुलैतला सोमवार, बारीक पाऊस. फलाटाच्या ज्या भागावर छप्पर आहे तिथे सगळे गोळा झालेले, आणि जिना उतरतो तोही तिथेच. गाडी आली. छपरासमोरच्या दारात चारजण दोन्ही बाजूंना टेकून उभे, सगळे पुढच्या स्टेशनाला उतरणारे. कॉलेजची दहाबारा मुलं उतरायला लागली, पाठीवर सॅक. चौथ्या मुलाची सॅक दारातल्या एकाच्या छत्रीत अडकली. तोपर्यंत खालच्यांनी चढायला सुरुवात केली. उतरणारे अर्धे आत, चढणारे अर्धे वर. एक मावशी मेथीच्या जुड्यांची पाटी सावरत ओरडल्या, "अवो, उतरू द्या की आधी त्यान्ला!" त्यांचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. उतरणं संपल्यावर चढणं सुरू झालं तर दार दोन ओळींनी वाहतं. दोन्ही एकदम सुरू झालं की धड एकही ओळ वाहत नाही.

त्याच गाडीचा शेवटून तिसरा डबा. दारापाशी एक गृहस्थ पेपर वाचत उभे. चढले, बसले, पेपर उघडलासुद्धा. तिथलं सगळं काम पाच सेकंदांत आटोपलं होतं. पण गाडी सुटते ती सगळ्यात शेवटच्या दारासाठी थांबून.

म्हणजे गर्दी वाढली की थांबा वाढतो, इतकं सरळ आहे तर.

तितकं सरळ नाही, आणि मोजण्याचा खरा फायदा इथेच होतो. हिशेबाला सोपे आकडे घेऊ. समजा एका स्टेशनावर उतरणारे-चढणारे मिळून २४० जण आहेत आणि फलाटाच्या बाजूला ४० दारं आहेत. सगळे सारखे विखुरले तर दर दाराला सहा जण. एका ओळीत एका माणसाला सेकंद-दोन सेकंद धरले तरी दहाबारा सेकंदांत खेळ खलास. पण समजा त्यातले ९० जण जिन्यासमोरच्या तीन दारांवर आले, तर त्या दारांना तीस-तीस जण. उरलेल्या ३७ दारांना सरासरी जेमतेम चार. प्रवासी तितकेच, गाडी तीच, थांबा मात्र कुठल्या कुठे.

म्हणून किती जण चढले यापेक्षा सगळ्यात भरलेल्या दारातून किती जण गेले हा आकडा जास्त बोलतो. आम्ही त्याला आपसात "अडकं दार" म्हणतो. ते जवळजवळ नेहमी जिन्यासमोर, छपराखाली किंवा तिकीट खिडकीकडून येणाऱ्या वाटेवर असतं.

गार्ड घंटा द्यायला उशीर करतात का?

आम्ही जितकं पाहिलं त्यात गार्डला दोष देण्यासारखं फार सापडलं नाही. २०२२ पासून त्यांचं अधिकृत पद ट्रेन मॅनेजर झालं आहे, पण फलाटावर गार्ड हाच शब्द चालतो, म्हणून इथेही तोच. गार्ड शेवटच्या केबिनमधून अडीचशे मीटर फलाट न्याहाळतो. स्टार्टर सिग्नल (स्टेशनातून सुटायचा सिग्नल) मिळालेला असतो, चढणं संपत आलेलं असतं, मग दोन घंटा. मोटरमन त्या परत देतो आणि गाडी हलते. हा तिसरा तुकडा बहुतेकदा थोडक्यात आटपतो. लांबतो तो दोन कारणांनी. एक तर फलाट वळणाचा असतो आणि मधला भाग गार्डला नीट दिसत नाही. नाहीतर दारात कुणीतरी लोंबकळत असतो आणि तो आत जाईपर्यंत गार्डचा हात घंटेवर थबकतो. या दुसऱ्या कारणासाठी त्याने थबकायलाच हवं.

गाडी उभी आहे पण सिग्नलच नाही. तो वेळ कशात धरायचा?

वेगळा. ही नवशिक्यांची पहिली चूक, आमचीही झाली. पहिल्या आठवड्यात आम्ही एका स्टेशनाला "सगळ्यात वाईट" ठरवून मोकळे झालो होतो. नंतर लक्षात आलं की तिथे चढ-उतार तीस सेकंदांतच संपतो, पुढचा सगळा वेळ सिग्नलची वाट बघण्यात जातो. आता आम्ही दोन वेळा टिपतो: शेवटचा माणूस कधी चढला आणि चाक कधी हललं. दोन्हींच्या मधे पुढचा सिग्नल लाल असेल तर वहीत "सि" लिहायचं आणि तो आकडा चढ-उताराच्या हिशेबात घ्यायचा नाही. तो टाकूनही द्यायचा नाही. वेगळ्या पानावर ठेवायचा, कारण तो दुसऱ्या खात्याचा प्रश्न आहे.

मोजायला काय काय लागतं?

पास किंवा फलाट तिकीट, मोबाइलचं स्टॉपवॉच, वही, आणि जमलं तर एक जोडीदार. चौकट सोपी ठेवा: तारीख, वार, गाडी, अप की डाउन, किती डबे, चाक थांबलं, शेवटचा चढला, चाक हललं, अडक्या दारातून किती उतरले, किती चढले, पाऊस होता का, शेरा. (अप म्हणजे मुंबईकडे. लोणावळ्याकडे चढण आहे म्हणून अप, असं समजणारे बरेच भेटतात. निष्कर्ष बरोबर, कारण चूक.)

काही बारकावे चुकतमाकत कळले. गाडी थांबली की नाही हे खिडकीकडे बघून ओळखू नका, फसगत होते. फलाटाच्या कडेची एखादी फरशी आणि समोरच्या दाराची चौकट एका रेषेत धरा. चौकट सरकायची थांबली की बटण, सरकायला लागली की पुन्हा बटण. बोटाला थोडा उशीर होतो, पण तो दोन्ही वेळा होतो, त्यामुळे वजाबाकीत बराचसा निघून जातो. माणसं मोजताना चेहरे बघू नका, पाय बघा. फलाटाला पाय लागला की एक. उतरणारे डाव्या हाताच्या बोटांवर, चढणारे उजव्या हाताच्या. हास्यास्पद दिसतं, पण चालतं.

रोज त्याच जागी उभे राहा. आज जिन्याशी, उद्या टोकाला असं केलंत तर तुम्ही गाडी मोजत नसता, स्वतःची फेरी मोजत असता.

फोटो आणि व्हिडिओच्या भानगडीत पडू नका. खडकी, देहूरोड हा लष्करी टापू आहे आणि तिथे कॅमेरा वर केला की नसते प्रश्न सुरू होतात. वहीला कुणी हरकत घेत नाही. स्टेशन मास्तरांना आधी सांगून ठेवलेलं बरं. आम्हाला तर एकांनी चहा पाजला.

किती दिवस मोजायचं? आणि शेवटी सरासरीच काढायची ना?

एकाच गाडीच्या, एकाच स्टेशनावरच्या निदान वीस-पंचवीस नोंदी होईपर्यंत तोंड उघडू नका. कामाचे वार आणि रविवार वेगळे ठेवा. पावसाळ्यातला रविवार तर तिसराच प्रकार आहे. मळवलीला लोहगड-भाज्याला निघालेली झुंबड आणि लोणावळ्याला भुशी डॅमची, ती एका नोंदीत आली की महिन्याचा हिशेब वाकडा होतो. तुकाराम बीजेला देहूकडे जाणारी गर्दीही तशीच. असे दिवस टिपा, पण वेगळे.

सरासरीचं म्हणाल तर तिच्यापासून सांभाळा. समजा दहा दिवसांचे थांबे सेकंदांत असे आले: २८, ३०, ३१, २७, ३३, २९, ३०, ३२, ७४, ८६. बेरीज ४००, सरासरी ४०. आता सांगा, या दहा दिवसांत गाडी चाळीस सेकंदांच्या आसपास तरी एकदा थांबली का? नाही. आठ दिवस तिशीच्या आगेमागे आणि दोन दिवस भलतंच. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला काढला तर साडेतीस येतो, आणि तो खरं बोलतो: ही गाडी एरवी तीस सेकंद थांबते. मग खरा प्रश्न उरतो, त्या दोन दिवशी काय झालं? शेऱ्याच्या रकान्यात बघायचं. "ऐनवेळी फलाट बदलला" असं लिहिलेलं असेल तर दारं, जिने, डबे यांत काही शोधण्यात अर्थ नाही, उत्तर अनाउन्समेंटमध्ये आहे.

"सरासरी थांबा चाळीस सेकंद" असा अर्ज दिलात तर "चाळीस म्हणजे ठीकच आहे की" असं उत्तर येईल, आणि देणाऱ्याचं चुकलेलंही नसेल.

मोबाइलच्या ॲपवर गाडी लाइव्ह दिसते. त्यावरून नाही काढता येणार?

गाडी कुठे आहे हे समजतं, थांबा समजत नाही. तिथलं येणं-जाणं मिनिटांत दाखवतात आणि आपला खेळ सेकंदांचा आहे. रेल्वेकडे सिग्नल यंत्रणेचे डेटा लॉगर असतात आणि रुळाच्या कुठल्या तुकड्यावर गाडी कधी आली-गेली याची नोंद त्यांत राहते. पण रुळाचा तुकडा व्यापलेला असणं म्हणजे गाडी उभी असणं नव्हे. तुम्ही डब्यात बसून मोबाइलच्या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरवरून गाडी कधी थांबली, कधी हलली हे छान टिपू शकता. एका फेरीत पंधरा थांबे मिळतात, आमच्यातला एक जण तेच करतो. फक्त *का* थांबली हे सेन्सर सांगत नाही. ते फलाटावरच दिसतं.

मेट्रोसारखी आपोआप बंद होणारी दारं लावली तर?

पुण्यात मार्च २०२२ पासून मेट्रो धावतेय, त्यामुळे ही तुलना रोजच ऐकू येते. मेट्रोत थांबा एकसारखा होतो हे खरं, पण त्याचं श्रेय एकट्या दाराला देऊ नका. तिथे फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीवर आहे, दारं ठरल्या जागी येतात आणि त्याच रुळांवर मागून कुणी एक्स्प्रेस येत नाही.

लोकलला नुसती दारं बसवली तर थांबा सुरुवातीला वाढेल. मुंबईत २५ डिसेंबर २०१७ ला पहिली वातानुकूलित लोकल धावली तेव्हा हाच अनुभव आला. दार उघडायचे सेकंद, बंद व्हायचे सेकंद, आणि कुणी मधे अडकला की बंद होईपर्यंत गाडी जागची हलत नाही. तरी दारं हवीत, असं माझं स्पष्ट मत आहे. उघड्या दारातून माणसं पडतात, आणि सेकंद वाचवायला ती किंमत कुणीच मोजू नये. फक्त दारं आली की वेळापत्रकात त्यांचे सेकंद प्रामाणिकपणे धरायचे.

फलाटाच्या उंचीचा काही संबंध आहे?

मोठा आहे. आपल्याकडच्या उंच फलाटांची नेहमीची उंची रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असते आणि लोकलची जमीन त्याच्याही बरीच वर. म्हणजे प्रत्येक माणूस एक पायरी चढतो. तरण्याला ते कळतही नाही. गुडघे दुखणाऱ्या आजींना दांडा धरावा लागतो, आधी पिशवी वर ठेवावी लागते, मग पाय. तीन-चार सेकंद गेले, मागे सातजण उभे. मुंबईत उपनगरी फलाट ९०० मिलिमीटरच्या वर नेण्याचं काम झालं ते मुख्यतः फटीत पडून होणाऱ्या अपघातांमुळे. चढ-उतार सोपा झाला तो वरचा फायदा. पण आपल्या मार्गावर याच रुळांवरून मेल गाड्या आणि मालगाड्याही जातात, त्यामुळे फलाट हवा तेवढा उंच आणि रुळाला हवा तेवढा जवळ आणता येत नाही.

मग लगेच करता येण्यासारखं काय आहे?

सगळ्यात स्वस्त म्हणजे माणसं फलाटभर पसरवणं. गाडी रोज एकाच जागी थांबली, अर्धा डबासुद्धा मागेपुढे नाही, तर फलाटावर दारांच्या खुणा रंगवता येतात. लेडीज, फर्स्ट क्लास, सामानाचा डबा, दिव्यांगांचा डबा नक्की कुठे येतो हे खांबांवर दिसलं की गाडी आल्यावर होणारी पळापळ थांबते. ही पळापळ साधी गोष्ट नाही. सामानाच्या डब्याकडे दुधाचे कॅन घेऊन धावणारा माणूस वाटेतल्या चार दारांच्या रांगा मोडून जातो.

दुसरं, छप्पर. ऐकायला विचित्र वाटेल, पण पावसाळ्यात आणि एप्रिल-मेच्या उन्हात माणसं सावलीखालीच उभी राहणार. फलाटाच्या टोकापर्यंत छप्पर नेलं तर कुणाला "पुढे सरका" सांगावं लागत नाही. तिसरं, पादचारी पुलाचा दुसरा जिना शक्यतो फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उतरवणं. दोन्ही जिने शेजारीशेजारी उतरले की अडकं दार आणखी अडतं. आणि चौथं, फलाट बदलायचाच असेल तर तो गाडी दिसायला लागायच्या आधी सांगणं.

जपानमध्ये फलाटावर दाराच्या खुणा आणि रांगा आहेतच. तोक्योच्या यामानोते मार्गावर तर काही वर्षं एका बाजूला सहा दारं असलेले डबेही जोडत. पुढे फलाटावर सरकते दरवाजे बसवायचं ठरलं, त्यांना सगळ्या डब्यांची दारं एकसारखी हवीत, म्हणून ते डबे गेले. बार्सिलोनाच्या मेट्रोत काही स्टेशनांना दोन्ही बाजूंनी फलाट आहेत, एकीकडून उतरा, दुसरीकडून चढा. आपल्याकडे लोक रुळाच्या बाजूला उतरून हे आपल्या जबाबदारीवर करतात. ते मात्र करू नका.

पंधरा डब्यांची लोकल केली तर?

फलाट तेवढा लांब हवा, ही पहिली अट. आणि लांबी वाढली पण जिना एकच राहिला, तर वाढलेले तीन डबे रिकामे जातील आणि अडकं दार होतं तिथेच अडकेल.

दोन-तीन लहान स्टेशनांचे थांबेच काढले तर?

नको. कान्हे किंवा बेगडेवाडीच्या माणसाचं स्टेशन काढून पिंपरीच्या माणसाची मिनिटं वाचवायची, हा व्यवहार आम्हाला पटत नाही. शिवाय या स्टेशनांवर थांबा लहानच असतो. सेकंद सांडतात ते मोठ्या स्टेशनांवर.

पुण्याला आणि लोणावळ्याला गाडी उलट फिरते, तो वेळ?

तो थांबा नव्हे, तो फेरफटका. मोटरमन आणि गार्डला टोकं बदलावी लागतात. गर्दीतून अडीचशे मीटर चालायला तीन-चार मिनिटं जातात, वर तपासणी. मात्र येताना झालेला उशीर जिरवायची हीच एक जागा आहे. ती पुरेशी असेल तर परतीची फेरी वेळेवर सुटते.

प्रवासी म्हणून आम्ही काय करायचं?

ती मेथीवाली मावशी म्हणाली तेच. आधी उतरू द्या. सॅक पुढे घ्या. तुमचं स्टेशन लांब असेल तर दार सोडून आत जा, आणि जिन्यासमोर न थांबता दोन डबे पुढे चाला. तिथे बसायलाही मिळतं, हे मी सांगू नये खरं तर, माझी जागा जाईल.

नोंदी द्यायच्या कुणाकडे?

आधी त्या स्टेशनच्या मास्तरांकडे. दाराच्या खुणा, अनाउन्समेंट यांतलं बरंचसं तिथेच मार्गी लागतं. छप्पर, जिना, फलाटाची लांबी हे विभागाच्या पातळीवरचं काम, त्यासाठी पुण्याच्या विभागीय व्यवस्थापकांच्या कार्यालयात लेखी अर्ज. विभागीय सल्लागार समितीत प्रवाशांचे प्रतिनिधी असतात, त्यांच्या हातात एक पान द्या. एकच पान. वर स्टेशन आणि गाडी, खाली मधला आकडा, सगळ्यात मोठे तीन आकडे तारखेसह, आणि अडकं दार फलाटावर कुठे येतं त्याचं हाताने काढलेलं चित्र. आमच्या अनुभवात तक्ते कुणी वाचत नाही, चित्र मात्र लोक टेबलावर उलटंसुलटं करून बघतात.

आम्हालाही मोजायचंय. सुरुवात कुठून करू?

तुमच्या रोजच्या गाडीपासून, तुमच्याच स्टेशनावर. पहिले चार दिवस नुसतं बघा, लिहू नका. अडकं दार आपोआप दिसेल. पाचव्या दिवसापासून वही. जाड पुठ्ठ्याची घ्या, आणि पेन्सिलीने लिहा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमची जेल पेनने लिहिलेली अकरा पानं फलाटावरच धुऊन गेली.